शिवारात पतंग शून्य

आता मी त्या कंपनीत नाही, म्हणून मोकळ्या तोंडानं सांगते. होते तेव्हाही तोंड बंद होतं असं नाही. माझी आई म्हणते, आमच्या समताच्या तोंडाला दार नाही, नुसती चौकट आहे. पण नोकरीत असताना बोललं की लोक म्हणतात, खाल्ल्या घरचे वासे मोजते. आता ते घरही नाही आणि वासेही नाहीत.

माझं काम होतं डबे सांभाळायचं. कपाशीच्या शेतात बांबूवर बसवलेले पांढरे प्लास्टिकचे डबे. आत बोंडअळीच्या मादीचा वास लावलेली रबराची गोळी असते. त्या वासाला भुलून नर पतंग आत शिरतो, कॅमेऱ्यासमोरून खाली घसरतो आणि तळाशी बांधलेल्या पिशवीत पडून मरतो. डब्यात एक काड्यापेटीएवढा कॉम्प्युटर असतो. तो पतंग मोजतो आणि रोज संध्याकाळी आकडा बिनतारी पाठवतो. आधी गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या यंत्राला, तिथून पुण्याला, आणि पुण्याहून साहेब लोकांच्या मोबाइलवर. उद्घाटनाला फेटे बांधले होते, नारळ फोडला होता. भाषणात सांगितलं की आता अळी शेतकऱ्याच्या आधी वरच्या साहेबांना दिसेल.

हे ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. खरं तर तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं, बोंडअळी येणारच नाही. मग गुलाबी अळी आली. मग म्हणाले, फवारा. मग म्हणाले, थैलीसोबत साध्या कपाशीचं जे लहान पाकीट मिळतं ते तुम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेनं, लावलं नाही, म्हणून अळी सोकावली. म्हणजे बियाणं त्यांचं, भाषण त्यांचं, आणि चूक मात्र आमच्या लोकांची. त्याच्यानंतर आले हे डबे.

दसरा होऊन गेला होता. सकाळीच कृषी सहायक देवानंद यांचा फोन आला. माणूस भला, पण साहेबांसमोर भिंतीला चिकटणारा.

“ताई, हुस्नबानो चाचीच्या वावरातला तुमचा डबा काय सांगून राह्यला, पाह्यलं का?”

“काय?”

“शून्य. पोळ्यापासून रोज शून्य. आज दुपारी समिती बसते. कोन्त्या कोन्त्या गावात जाऊन कपाशी पाहाची, ते आजच ठरते. शून्याचं गाव यादीत नाही. जा बरं लवकर, काय झालं ते पाहा.”

यादीत नाव नाही तर पाहणी नाही. पाहणी नाही तर पंचनामा नाही. आणि पंचनामा नाही म्हणजे त्या गावात यंदा अळी आलीच नाही. शेतात काय आहे ते कोण विचारतो?

मी धामणगाव बढ्याची, पण नोकरीसाठी संग्रामपुरात खोली घेऊन राहत होते. स्कूटी काढली आणि सातपुड्याच्या अंगाला निघाले. हुस्नबानो चाचीचं शेत गावाच्या कडेलाच आहे. तिचे यजमान हैदरचाचा बाजारोबाजारी बादल्या-टोपल्यांचं दुकान मांडतात. शेत चाचीच बघते, आणि असं बघते की धुऱ्यावरचं गवतसुद्धा तिला विचारून उगवत असेल.

ती बांधावरच उभी होती. नमस्कार-चमत्कार काही नाही. तिनं एक फूल तोडून माझ्या हातावर ठेवलं. ते उमललंच नव्हतं; पाकळ्या एकमेकींत अडकून गच्च बसल्या होत्या. अशा फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. उघडलं तर आत अळी. मग तिनं बोंड फोडलं. पिवळट चिकटलेला कापूस, निव्वळ कवडी, आणि मधे गुलाबी अळी पाहुणीसारखी पसरलेली.

“देख,” चाची म्हणाली. “अन् तुह्यं मशीन म्हन्ते, शून्य. मशीनले मोतीबिंदू झाला का?”

“चाची, तेच पाहाले आली मी.”

बांबूजवळ गेले तर आमचा पांढरा डबा दिसेच ना. त्याच्यावर तेलाचा पत्र्याचा मोठा डबा उपडा घातलेला, एका अंगाला पतंगांपुरतं भोक कापलेलं, आणि वारा नेऊ नये म्हणून वरून तारेनं आवळलेला.

“हे काय चाची?”

“तुह्यं झाकन फुटलं नं. कंपनीले फोन लावू लावू थकली मी. बाई सांगे, एक दाबा, दोन दाबा. मी दाबत राह्यली. मंग दसऱ्याच्या आंगं पानी आलं, तं देला हा डबा ठेवून. मोटारच्या स्टार्टरवर नाही का ठेवत? चांगलं काम केलं नं?”

आमच्या भागात शेतातल्या मोटारच्या स्टार्टरवर पत्र्याचा डबा असतोच. पाऊस, माकडं, डुकरं, सगळ्यांवर तोच इलाज. चाचीनं जीव लावला होता त्या यंत्राला. आता तिला कसं सांगू की बिनतारी लहर पत्र्यातून जात नाही? स्टार्टरचं चालतं, याचं नाही. उपकरणासोबत सूचनांचा कागद दिला होता, पण तो होता इंग्रजीत, आणि पाहिला असेल तर तो फक्त मी.

कंपनीचा नियम असा की काम सुरू करायच्या आधी आहे त्या स्थितीचा फोटो पाठवायचा. त्याशिवाय मोबाइलमध्ये काम उघडतच नाही. मी फोटो पाठवला. मग चाचीच्या गोणपाटाची सावली करून लॅपटॉप मांडीवर घेतला. जोडणीचं भोक खालच्या बाजूला आहे, म्हणून पत्र्याचा डबा तसाच ठेवून वायर आत सरकवली.

या कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा नसतो, माऊस नसतो, टिचकी मारायला चित्रं नसतात. माझ्या लॅपटॉपवर नुसती काळी खिडकी, आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. आपण एक ओळ लिहायची, तो उत्तर देतो. मला हे काम फार आवडतं. विचारलं तेवढंच सांगतो, आणि साहेबांसारखा गोड बोलून गळा कापत नाही.

पहिल्यांदा विचारलं, तुझ्याकडे जोडण्या कोणत्या? त्यात बिनतारी कार्डाचं नाव आलं. म्हणजे कार्ड जागेवर होतं, जळालं नव्हतं. नावापुढे लिहिलं होतं, बंद. मी लिहिलं, कार्ड उठव. उत्तर आलं, उठवता येत नाही, रेडिओ अडवलेला आहे.

कार्ड दोन तऱ्हेनं अडवता येतं. एक, हातानं बटण दाबून. दुसरं, आज्ञेची ओळ लिहून. कोणत्या तऱ्हेनं अडवलंय ते विचारलं. उत्तर आलं: बटण मोकळं, आज्ञेनं बंद.

मी ते पुन्हा वाचलं. शेतात आज्ञा कोण देणार? माकडं? चाचीकडे ना लॅपटॉप, ना वायर, ना पासवर्ड. मी सोडले तर आज्ञा देता येत होती ती फक्त पुण्यातून. मग डोक्यात उजेड पडला. पोळ्याच्या सुमाराला ऑफिसनं चाचणी म्हणून काही डब्यांत एक नवा प्रोग्राम पाठवला होता. बॅटरी वाचावी म्हणून आकडा पाठवून झाला की कार्ड झोपवायचं, आणि सकाळी पुण्याहून हाक आली की उठवायचं. ही हाक यायची कशावरून? त्याच कार्डावरून! म्हणजे माणसाच्या कानात बोळे घालून त्याला झोपवायचं, आणि सकाळी दारातून ओरडायचं, अरे ऊठ. एवढी अक्कल वातानुकूलित खोलीतच येते. इकडे उन्हात आम्हाला असलं काही सुचत नाही.

“काऊन हासून राह्यली वं?” चाचीनं विचारलं.

“हासत नाही चाची, दात खाऊन राह्यली.”

अडवणूक काढायची ओळ लिहिली. पुन्हा म्हटलं, ऊठ. उठलं! मग आजूबाजूला कोणकोण आहे ते हुडकायला सांगितलं. टाकीवरचं यंत्र दिसलं, पण अगदी मरतुकडं, आता आहे आता नाही. त्याचं नाव आणि पासवर्ड फाइलीत नीट आहे का पाहिलं, जोडणी करायला लावली. घटकाभर धडपडलं आणि सोडून दिलं.

“चाची, हा डबा काढा लागते. पत्र्यातून याचा आवाज बाहीर जात नाही.”

तिचा चेहरा उतरला. “म्हंजे माह्यानंच बिघडलं का?”

“नाही. याचं तोंड त्यायनं पोळ्यालेच बांधलं होतं. तुमचा डबा तं आत्ता दसऱ्याले आला. बांधलेल्या तोंडावर पदर घेतला, एवढंच.”

तिनं तार सोडली आणि डबा उचलला. मी पुन्हा हुडकायला सांगितलं. टाकी ठणठणीत दिसायला लागली. जोडणी केली, पत्ता मागितला, मिळाला. पुण्याला एक हाक घातली आणि उत्तर आलं. मग त्या नव्या प्रोग्राममधली झोपवायची ओळच खोडून टाकली. परवानगी विचारली नाही.

आता मोबाइलवर डब्याची खूण हिरवी व्हायला हवी होती. पाहिलं तर हिरवी होती. बरं वाटलं. मग जरा मागचे दिवस पाहिले. कालही हिरवी, परवाही हिरवी. पोळ्यापासून रोज हिरवी, आणि रोज शून्य. जो डबा मुका होऊन पडला होता, तो आमच्या कंपनीच्या लेखी रोज संध्याकाळी बोलत होता आणि सांगत होता, पतंग नाहीत.

मी पुण्याच्या आमच्या साहेबांना फोन लावला. हात लॅपटॉपवर होते, म्हणून आवाज मोठा करून बांधावर ठेवला.

“गुड समता, डबा लाइव्ह दिसतोय.”

“सर, तो मेला होता तेव्हाही लाइव्हच दिसत होता. हे कसं?”

“अगं, आकडा आला नाही की सिस्टिम शून्य टाकते. रिकामं सोडलं तर डबा बंद दिसतो, मग वरून विचारणा होते. आपलं बिल डबे चालू असण्यावर आहे.”

“पण सर, शून्य म्हणजे पतंग नाहीत. आकडा आला नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन गोष्टी एक कशा?”

“तू फार विचार करतेस.”

“आज समितीची बैठक आहे. हे गाव यादीतून गेलंय, सर. पोळ्यापासूनचे खरे आकडे लागतील.”

“ते कुठून आणू? डबा आदल्या दिवसाचं पुसून नवं लिहितो. आजपासून येतील ना आकडे. आणि हो, तुझा तो फोटो बघितला. कसला फोटो आहे! तेलाचा डबा!” ते खदखदून हसले. “कारणात लिही, शेतकऱ्यानं उपकरण झाकलं. विषय संपला.”

“सर, कार्ड आपल्या प्रोग्रामनं बंद केलं होतं. मी डोळ्यानं पाहिलंय. पत्र्याचा डबा नंतर आला.”

“समता, मी सांगतो ते लिही. आणि बैठकीत गेलीस तर जरा नीट बोल. ते मले-तुले नको. कंपनीचं इम्प्रेशन जातं.”

मले राग आला. हो, मलेच. खोटं शून्य पाठवून जात नाही, आणि माझ्या आईच्या बोलीनं जातं, असलं कसलं त्यांचं इम्प्रेशन? मी कारणाच्या जागी लिहिलं, ‘बिनतारी कार्ड कार्यालयाच्या आज्ञेने बंद होते’, आणि पाठवून दिलं. पण पाठवून करणार काय? पोळ्यापासूनचे पतंग तर पुसले गेले होते. देवानंदांना फोन केला, ते म्हणाले, समिती कालपर्यंतचे आकडे पाहील, आजचा पतंग कामाचा नाही.

चाचीनं सगळं ऐकलं होतं. ती मोटारच्या खोलीत गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आली. काचेची बरणी होती, उन्हाळ्यात लोणचं घालतात तेवढी, तोंडाला फडकं बांधलेली. आत गळ्यापर्यंत राखाडी भुसा भरल्यासारखं दिसत होतं.

“हे काय?”

“पतंग.”

मी बरणी उन्हात धरली. पतंगच होते. वाळलेले, पंख मिटलेले, एकावर एक दाबलेले.

“पहिलेचे ते साधे सापळे होते नं, तवा ट्रेनिंगवाला म्हने, जुम्म्याच्या जुम्म्याले पिशवी रिकामी करा अन् पतंग साहेबाले दाखवाले ठेवा. तं मी ठेवले. तुह्या मशीनच्या पिशवीतलेच हायेत सारे, नवी पिशवी बांधली तवापासूनचे. साहेब काही आला नाही. मंग फेकू कशी? कोनी इचारलं तं काय दाखवू?”

आमचा कॉम्प्युटर रोज पुसत होता आणि ही बाई लोणच्याच्या बरणीत साठवत होती, का तर साहेब येतो म्हणाला होता.

“बसा चाची गाडीवर,” मी म्हटलं. “साहेब येत नाही तं आपन जाऊ.”

तालुक्याच्या गावी एका सभागृहात बैठक होती. ऑक्टोबरचं ऊन, वरती तिन्ही पंखे गरगरत होते. लांब टेबलावर पांढरी चादर, चहा, चिवड्याच्या बश्या. जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब मधोमध, आजूबाजूला बाकीचे. देवानंद भिंतीला. पडद्यावर गावांची नावं आणि आकडे सरकत होते. चाचीच्या गावाचा रकाना आला, वरून खालपर्यंत शून्य. आणि शेजारी माझाच फोटो, तेलाच्या डब्याचा! खाली लिहिलं होतं, ‘शेतकऱ्याने उपकरण झाकल्याचे आढळले. तपासणी: समता.’ मी लिहिलेली ओळ पुण्यात खोडली होती आणि नाव तेवढं माझं ठेवलं होतं.

फोटो पाहून टेबलावर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “अहो, या लोकांना काहीही द्या, त्याच्यावर पत्रा टाकतील.”

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. “हे मी लिहिलं नाही. कार्ड कंपनीनंच बंद केलं होतं. ही शून्यं खोटी आहेत. शून्य नव्हतंच, नोंद नव्हती.”

“तांत्रिक बाब असेल तर कंपनीनं लेखी द्यावी,” मोठे साहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष चाचीकडे गेलं. “शेत यांचं का? बाई, थैलीसोबतचं साध्या कपाशीचं पाकीट लावलं होतं का तुम्ही?”

“लावलं साहेब. चारी धुऱ्यानं लावलं. या, दाखवतो.”

“सगळे असंच सांगतात.” ते चहाचा घोट घेऊन हसले. “हे पाहा, तुमचं दुःख कळतं आम्हाला. पण समिती आकड्यावर चालते, भावनेवर नाही.”

“भावना नाही आनली साहेब,” चाची म्हणाली. “आकडाच आनला.”

ती टेबलाजवळ गेली. तिनं बरणीचं फडकं सोडलं आणि बरणी पांढऱ्या चादरीवर, साहेबांच्या समोर, उपडी केली.

“मोजा.”

एवढा मोठा ढीग त्या बरणीत मावला कसा, असं मलाच वाटलं. पण तो ढीग राहिला कुठे? वरून पंख्याचा वारा. वाळलेले पतंग एकदम उठले. चिवड्यात, चहात, फायलींवर, केसांत, साहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरमध्ये. पंखांची राखाडी धूळ सगळ्या सभागृहात पसरली. खुर्च्या मागे सरकल्या. कोणी शिंकतंय, कोणी डोळे चोळतंय. ज्यानं पत्र्याचा विनोद केला होता तो जिभेवरून पंख काढत होता.

“पंखे बंद करा! अहो, पंखे बंद करा आधी!”

पंखे थांबले. सगळे उभे राहून अंग झाडत होते. मोठे साहेब मान वाकवून कॉलर झटकत होते, पुन्हा पुन्हा, पण पतंगाचा भुगा अंगाला चिकटला की निघत नाही.

चाची रिकामी बरणी पोटाशी धरून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, पण थरथरत होता. रागानं थरथरत होता, हे मी शेजारी उभी असल्यानं सांगू शकते.

“पतंग शून्य हायेत नं साहेब? मंग झाडता काऊन?”

साहेबांचा हात कॉलरवरच राहिला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग समोरच्या चादरीकडे पाहिलं. चहाच्या कपात एक पतंग तरंगत होता.

“गाव कोणतं म्हणालात?” त्यांनी शेवटी विचारलं.

“ते शून्यवालं,” चाची म्हणाली.